माझा बहिरा डबा

माझ्या संशोधनाच्या विषयाचं नाव एका दमात म्हणता येत नाही. मला बघायला मंडळी आली तेव्हा वडिलांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा ‘मुलगी इंजिनात आहे’ एवढ्यावर आटोपतं घेतलं. समोरच्यांना वाटलं, मी रेल्वेत आहे. लग्न ठरलं. सुनेला फुकट प्रवासाचा पास नाही, हे सासरी कळायला सहा महिने गेले.

विषय तसा सोपा आहे. इंजिनाच्या पोटात इंधन जळत असतं तेव्हा आत काय चाललंय, ते बाहेरून ओळखायचं. ताप किती, वेग किती, धाप लागलीय का. आणि ही खबर तारेशिवाय, रेडिओच्या लहरींवरून, लांबवर पोचवायची. अंबाजोगाईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी आयुष्यभर हेच केलं. मेकॅनिकलवाले मला रेडिओवाली म्हणत, इलेक्ट्रॉनिक्सवाले धूरवाली. दोन्ही विभागांची सहल निघाली की दोन्हीकडच्यांना वाटायचं, बाई दुसऱ्या गाडीत आहेत.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, एवढी वर्षं काय शोधलंत? शोधलेलं बरंच आहे, ते निबंधांत छापलंय आणि कुणी वाचत नाही. चुकलेलं एकच सांगण्यासारखं आहे.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. माजलगावकडच्या एका गावचे नानासाहेब आमच्या प्रयोगशाळेत आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. दिंद्रुडहून एसटीनं पाऊण तास, एवढं पुरे. नानासाहेब तिथल्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमन. इस्त्रीची टोपी, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याला सभासद समजायची सवय.

“म्याडम, आमचं धरण आटून मधल्या खड्ड्यापुरतं राहिलंय,” ते म्हणाले. “सरकारचा हुकूम हाय, आता पाणी फक्त पिण्याला. शेतीच्या समद्या मोटारी, इंजिनं काठावरनं उचलली. एकट्या संस्थेचं इंजिन चालतंय. ते पाणी टेकडीवरच्या टाकीत चढिवतं, आन् तिथून ते उताराला गावात येतं. आता इंजिन तिकडं खड्ड्यात आन् गाव टेकडीच्या अलीकडं, तीन किलोमीटरवर. बंद पडलं तर आमच्या चालकानं टेकडी चढून सांगत यायचं. तवर बाया घागरी घेऊन उन्हात तिष्ठत असतेत. तर इंजिनाला फोन बसवता येतो का, ते सांगा.”

मोबाइल तेव्हा नुकतेच दिसायला लागले होते, पण त्या खड्ड्यात त्यांचा काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, “फोन नको. इंजिनच बोलतं करू.”

यात समाजसेवा वगैरे फार नव्हती, हे कबूल केलेलं बरं. प्रयोगशाळेतल्या आज्ञाधारक इंजिनाला मी कंटाळले होते. खऱ्या धुळीत, खऱ्या उन्हात चालणारं इंजिन मला हवं होतं. चेअरमनसाहेबांना पाणी दिसत होतं, मला निबंध दिसत होता.

मी दोन डबे केले. एक धरणात, इंजिनाशेजारी. दुसरा गावात, संस्थेच्या कचेरीत. रेडिओचा परवाना मिळवायला डबे करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण ते असो. गावातला डबा दर दहा मिनिटांनी धरणातल्या डब्याला साद घालायचा: कसं काय? ती ऐकली की धरणातला डबा इंजिनाचा ताप आणि वेग कळवायचा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणजे बॅटरी टिकते. कचेरीत तीन दिवे होते. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे तापलंय, लाल म्हणजे बंद. दुपारी जेवणाच्या वेळी कचेरीला कुलूप असायचं, तेव्हा दिवे बघायला कुणी नसायचं; म्हणून दिवसभराचे आकडे गावातला डबा स्वतःशी लिहून ठेवायचा. कचेरीवर अँटेनासाठी बांबू उभा केला आणि तो ताणून धरायला दोऱ्या बांधल्या. आठवड्याच्या आत त्या दोऱ्यांवर लुगडी वाळू लागली. लुगडं ओलं असेपर्यंत डब्याची प्रकृती जरा नरम असायची.

धरणातल्या इंजिनाचे चालक निवृत्तीमामा. साठी उलटलेली, नाव निवृत्ती, आणि ती घ्यायला तयार नाहीत. लिंबाच्या काडीचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. काडीतून आणि जबड्याच्या हाडातून आतला ठोका कानापर्यंत पोचतो. त्यांना माझा डबा पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

“हे कावून बशिवलं?” त्यांनी विचारलं. “माझ्यावर नजर ठेवाया?”

“नाही हो मामा. इंजिनाची काळजी घ्यायला.”

“त्याला मी हाय की.”

मी हसले. हसायला नको होतं.

महिनाभरानं गावातल्या डब्यातले आकडे मी कॉलेजात नेले आणि त्यांचा आलेख छापला. चांगल्या कागदावर, दोन रंगांत. नानासाहेबांपुढं तो उलगडताना मला आपल्या मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवतेय असं वाटत होतं. त्यांनी चष्मा लावला. सकाळभर रेघ छान वर होती. दुपारी बाराच्या सुमारास ती धाडकन खाली यायची, दोन तास तळाशी झोपायची आणि पुन्हा उठायची. जवळजवळ रोज.

“हे दुपारचं काय हाय?”

“शून्य,” मी म्हणाले. “म्हणजे त्या वेळी इंजिन बंद.”

हे वाक्य माझं आहे. त्या सालातली माझी बाकीची वाक्यं मी विसरले, हे नाही विसरले.

नानासाहेबांनी चष्मा काढला. “तरीच टाकी पुरी भरत न्हाई! हा बाबा दुपारचं इंजिन बंद करून झोपायलाय.”

निवृत्तीमामांना बोलावणं गेलं. ते टेकडी चढून घामानं निथळत आले, कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, “एक मिनिट बंद नव्हतं. आयची आन.”

“मशिन खोटं बोलत न्हाई बे,” नानासाहेब म्हणाले. “आन् बाई बी न्हाई.”

पंधरा दिवसांनी संस्थेची सभा होती. चालक बदलण्याचा विषय तिच्या पत्रिकेवर गेला. मी संध्याकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला परतले आणि, सांगायला लाज वाटते, वाटेत निबंधाचा मथळा ठरवला.

चार-पाच दिवसांनी शिपाई सांगत आला, फाटकाशी कुणी म्हातारे आलेत, आत येत नाहीत. निवृत्तीमामा होते. धुतलेलं धोतर, हातात भाकरीचं फडकं. गावात हॉटेलवर गेलं की माणसं बोलायची थांबतात, असं त्यांनी सांगितलं. कुणी म्हणतं, झोप झाली का मामा? बाया टाकीखालून तोंडावर बोलतात. मग ते म्हणाले, “म्याडम, मी भांडाया न्हाई आलो. तुमच्या डब्याला तेवढं इचारा. मी झोपलेलो त्यानं बगितलं का?”

डबा काय काय लिहितो, ते मी मनात आठवून पाहिलं. डब्यानं खरंच बघितलं नव्हतं. धरणातून उत्तर आलं नाही की गावातला डबा शून्य लिहायचा, एवढंच. इंजिन बंद असलं तरी शून्य, आणि उत्तर काही कारणानं पोचलं नाही तरी शून्य. दोहोंत फरक करायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. नापास आणि गैरहजर यांतला फरक आमच्या परीक्षा विभागालाही कळतो.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. महिनाभरात मी दुपारी धरणावर कधी थांबलेच नव्हते. सकाळच्या एसटीनं यायचं, डबा पुसायचा, आणि ऊन चढायच्या आत गावात नानासाहेबांच्या घरी पंख्याखाली जाऊन बसायचं, हा माझा शिरस्ता. म्हणजे ज्या दोन तासांबद्दल मी साक्ष दिली, त्या दोन तासांत तिथं एकटे मामाच होते.

त्या दुपारी मी इंजिनाच्या छपराखाली बसले. इंजिन धडधड चालत होतं, मामा एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसले होते. धरणातल्या डब्याला मी कानावरचे हेडफोन जोडले, म्हणजे तो जे ऐकतो ते मलाही ऐकू यावं. अकरा पन्नासला गावची साद आली, डब्यानं उत्तर दिलं. मग बाराच्या सुमारास कानात तीन-चार बारीक ठोके पडले. टक्टक्टक्. शांतता. पुन्हा टक्टक्टक्. शांतता. तिसऱ्यांदा ठोके आले आणि त्यांचीच सलग टर्रर्र सुरू झाली, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी. बाराची साद त्या टर्ररीत बुडाली. डब्याला काही ऐकू गेलं नाही, तो गप्प राहिला. तिकडं गावात लाल दिवा लागला असणार. माझ्यासमोर इंजिन झोकात चाललं होतं.

इथं थोडं शास्त्र सांगते, चहा निवणार नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, दारावरून फटफटी गेली की घरातला रेडिओ खरखरायचा. पेट्रोल किंवा रॉकेलच्या इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी पाडावी लागते, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओच्या लहरींत खडा मारते. डिझेलला ठिणगी लागत नाही. ते नुसत्या दाबानं तापून पेटतं, म्हणून रेडिओच्या दृष्टीनं डिझेल इंजिन अगदी अबोल असतं. संस्थेचं इंजिन डिझेलचं. म्हणजे ही टर्रर्र दुसऱ्या कुणाची तरी होती. आणि तिच्याआधीचे ते तुटक ठोके? दोरी गुंडाळायची, ओढायची, नाही लागलं, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा ओढायची. तिसऱ्या ओढीला लागलं.

“मामा,” मी ओरडले, “जवळपास कुणीतरी रॉकेलचं इंजिन चालवतंय!”

“कुठं? मला कसं ऐकू आलं न्हाई?”

त्यांना कसं येणार? त्यांच्या कानाशी दिवसभर डिझेलची धडधड. पण त्यांनी वाकून पंपाच्या खड्ड्यात बघितलं आणि कपाळाला हात लावला. “रोज दुपारी पाणी खाली जायलंय. मला वाटलं उन्हानं आटतंय.”

दिशा शोधायला मी एक खास अँटेना आणली होती. एका दांडीवर आडव्या सळ्या, दिसायला माशाचा काटा. तिचं तोंड ज्या बाजूला करावं तिकडचं जास्त ऐकू येतं. कानावर हेडफोन, हातात माशाचा काटा, डोक्यावर पदर, अशी मी आटलेल्या धरणाच्या भेगाळ चिखलातून निघाले. दहा पावलं जायचं, थांबायचं, काटा सावकाश फिरवायचा, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा दहा पावलं. मामा मागं.

आटलेल्या पात्रात लोक झिरे उकरत बसले होते. झिरा म्हणजे ओल्या जागी केलेला हातभर खड्डा, त्यात वाटीवाटीनं पाणी जमतं. दगडूआबा नावाचे एक म्हातारे झिऱ्यातून उठले आणि माझ्यामागं चालू लागले. मग आणखी दोघं. मग तीन बायका. मी थांबले की सगळे थांबत. शेवटी आबांनी हळूच विचारलं, “बाई, किती फुटावर लागंल?”

“काय?”

“पाणी. आमचा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरतो. तुमचं इलायती दिसायलंय.”

मी सांगितलं, मी पाणी शोधत नाहीये. त्यांनी समजुतीनं मान हलवली. जाणकार माणूस आधी असंच म्हणतो. मी जिथं जिथं थांबले तिथं एक बाई दगड ठेवत होती. त्यातल्या एका दगडापाशी पुढं बोअर घेतली आणि तिला पाणी लागलं, असं दोन वर्षांनी माझ्या कानावर आलं. माझं एवढं यशस्वी संशोधन दुसरं नाही, आणि त्यात माझा हात नाही.

ही मिरवणूक घेऊन चोर कसा पकडणार? मामांनी मार्ग काढला. ते मागं वळून गंभीरपणे म्हणाले, “माणसं मागं आली का सळई फिरत न्हाई. हितंच बसा.” मंडळी तत्काळ बसली.

टर्रर्र वाढत गेली. मातीच्या एका उंचवट्यापलीकडं वेड्या बाभळींचं बन होतं. त्यात शिरलो आणि मी हेडफोन काढले. तिथं गुरं होती. चाळीसेक तरी असतील. भाकड गायी, म्हाताऱ्या म्हशी, वासरं, सगळी अर्ध्या कापलेल्या पिंपांना तोंडं लावून पाणी पीत होती. मध्ये एका खड्ड्यात छोटं रॉकेलचं इंजिन, त्यावर ओली पोती, आणि वाळूखालून धरणातल्या पाण्यापर्यंत नेलेला पाईप. त्याच्या धुराड्याची नळी वाळूत पुरलेल्या मडक्यात सोडलेली. दहा पावलांवरूनसुद्धा नुसतं पुटपुटल्यासारखं वाटावं, इतका आवाज दाबला होता. ठिणगीचाही आवाज असतो, हे बिचाऱ्या मडक्याला कुठून ठाऊक असणार?

इंजिनाशेजारी साठीची एक उंच, काटक बाई उभी होती. लुगडं खोचलेलं, हातात काठी.

“कोन गं तू?”

खरं तर मी जाब विचारायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: “मडक्याला भोकं किती पाडलीत?”

बाईंनी काठीनं मडकं दाखवलं. मग म्हणाल्या, “चार. बांगडीएवढाली. कमी ठिवली तर इंजिन गुदमरतंय, जास्ती ठिवली तर बोंबलतंय.”

सायलेन्सरवर माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षभर प्रकल्प केला होता. निष्कर्ष साधारण हाच होता, फक्त चाळीस पानांत.

“या सरूआक्का,” मामा हळू आवाजात म्हणाले. “चेअरमनच्या थोरल्या भैनी.”

गुरं तोडीला गेलेल्यांची होती. निम्मं गाव ऊसतोडीसाठी लांबच्या कारखान्यांवर गेलं होतं. गाडीचे बैल सोबत गेले. जी जनावरं तोडीच्या कामाची नाहीत, त्यांना नेणार कुठं? एकेकानं आणून आक्कांच्या दावणीला बांधली. मामांच्या लेकानंही. एक पांढरी गाय पुढं आली आणि मामांचा हात चाटू लागली.

“वळखलीस न्हवं?” आक्का म्हणाल्या.

“हितं हाय ते ठावं होतं,” मामा गायीकडंच बघत म्हणाले. “पाणी कुठून पितीया, ते इचारलं न्हाई.”

मी सगळं सांगितलं. डबा, लाल दिवा, सभा, मामांवरचा आळ. आक्का ऐकता ऐकता खाली बसल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. भावाकडं त्यांनी पाणी मागितलं होतं. तो म्हणाला होता, आक्का, पोटनियमात माणशी घागरी लिहिल्यात, गुरांचं काही लिहिलेलं नाही.

“तुमी गप ऱ्हावा आक्का,” मामा उठत म्हणाले. “माझं मी बगतो. चला म्याडम.”

परत येताना मी म्हटलं, “मामा, तुमची नोकरी जाईल.”

“मी दुसरं काम बगीन. गायीला दुसरं धरण हाय का?”

सभेपर्यंतचे दिवस मी एक वाक्य घासत होते. मामा सुटावेत आणि आक्काही सापडू नयेत, असं. ‘वातावरणातील अज्ञात व्यत्ययामुळे’ अशी सुरुवात जमली होती. पुढं कुणी विचारलं, अज्ञात म्हणजे कोण, तर काय, ते जमत नव्हतं.

रविवारी सकाळी कचेरीपुढच्या लिंबाखाली सभा भरली. भरली म्हणजे बारा-तेरा माणसं होती. नानासाहेबांनी हजेरी मोजली. “कोरम न्हाई. सभा अर्धा तास तहकूब. मंग ह्याच जागी परत घेऊ, तवा कोरम लागत न्हाई. कायदाच हाय तसा.” सगळे तिथंच बसून कायदा पाळू लागले. निवृत्तीमामा पायरीवर, गुडघ्यात मान घालून. मी मनात ‘वातावरणातील अज्ञात’ घोकत होते.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली, धूळ उठली, आणि चाळीस गुरं लिंबाखाली येऊन दाटली. मागं सरूआक्का.

“आक्का, हे काय?” नानासाहेब उठलेच. “सभा हाय हितं!”

“तुला कोरम लागतो न्हवं? सभासद तोडीला गेलेत. त्यांच्या वतीनं त्यांची गुरं आणलीत. घे हजेरी. ही तांबडी केरबाची. ही दोन वासरं गंगूची. ही पांढरी ह्या निवृत्तीच्या लेकाची.”

“गुरांचा विषय पत्रिकेवर न्हाई!”

“आयत्या येळचे विषय असतेत का न्हाई? का ते बी काडून टाकले?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. आक्कांनी काठी जमिनीवर आपटली. “दुपारचं पाणी मी घेतलंय. चोरून घेतलंय. निवृत्तीला मालूम न्हवतं. आता काय करायचं ते माझं कर.”

मग माझी पाळी होती. मी उभी राहिले, आणि घोकलेलं वाक्य सोडून दिलं. “चूक माझी आहे,” मी म्हणाले. “इंजिन बंद नव्हतं. माझ्या डब्याला ऐकू येत नव्हतं. जे ऐकू आलं नाही, ते मी ‘बंद’ म्हणून लिहिलं.”

“म्हणजे तुमचा डबा बहिरा हाय?” नानासाहेब.

“हो. बहिरा आहे. आणि मी तपासलं नाही.”

नानासाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. बहिणीकडं बघितलं, लगेच नजर वळवली. तेवढ्यात गंगूचं एक वासरू टेबलापाशी आलं आणि इतिवृत्ताच्या वहीचा कोपरा चाटू लागलं. नानासाहेबांनी वही ओढून घेतली नाही. एका हातानं ते त्याची मान खाजवू लागले. मग पायरीकडं बघून म्हणाले, “निवृत्ती, उन्हं चढली. इंजिन चालू कर बे जा.”

त्यांच्या तोंडून माफी म्हणून यापेक्षा जास्त काही निघालं नाही. पण मामा उठले तेव्हा बारा-तेराही जण बाजूला सरकले, आणि हॉटेलवाल्यानं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. तो उभ्यानं संपवून ते टेकडीकडं चालते झाले.

सभेनं ठराव केला. रोज दुपारी अर्धा तास संस्थेच्याच इंजिनानं धरणातल्या हाळात, म्हणजे गुरांच्या हौदात, पाणी सोडायचं. आक्कांनी त्याच दिवशी आपलं इंजिन गाडीत घालून कचेरीत आणून दिलं. मडकं मात्र ठेवून घेतलं. टर्रर्र बंद झाली, दुपारची रेघ सकाळइतकीच सरळ धावू लागली. डब्यात मी एक बदल केला. उत्तर आलं नाही तर तो आता शून्य लिहीत नाही, जागा कोरी सोडतो. हा बदल करायला दहा मिनिटं लागली. तो आधी न केल्यामुळं एका माणसानं पंधरा दिवस गावात मान खाली घालून काढले. माझ्या निबंधात आक्कांचा उल्लेख ‘नजीकचा ठिणगीजन्य स्रोत’ असा आहे. त्या पंधरा दिवसांचा उल्लेख कुठंच नाही, कारण तसा रकाना नसतो.

पुढच्या आठवड्यात मी धरणावर गेले, मामांची माफी मागायला. इंजिन बंद करून ते तेलपाणी बघत होते. मी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“म्हाफी ऱ्हाऊ द्या. हँडल मारा.”

“मी?”

“इंजिनाच्या डाक्टर न्हवं तुमी?”

आता सांगायला हरकत नाही. इतकी वर्षं इंजिनांवर काम करून मी एकही इंजिन हातानं चालू केलं नव्हतं. प्रयोगशाळेत बटण होतं. मामांनी मला हँडल धरायला शिकवलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटं फिरलं की मोडतो. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या खेपेला हँडल निसटलं आणि मी वाळूत बसले. पलीकडच्या झिऱ्यातून दगडूआबा ओरडले, “बाई, तिथं लागलं का?”

तिसऱ्या खेपेला मामांनी इंजिनाचा दाब मोकळा करणारा खटका धरून ठेवला. “फिरवा. आजून. थांबू नका. आजून, आजून. सोडतो बगा!” खटका पडला, हँडलला धक्का बसला, काळ्या धुराचा एक लोट आला, आणि धडधड सुरू झाली. पाईप थरथरला. पाणी टेकडीकडं निघालं.

मी धापा टाकत मामांकडं बघितलं. त्यांनी थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं.

“इंजिन ठीक हाय,” ते म्हणाले. “चालक जरा कच्चा हाय.”

दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही हात खांद्याच्या वर जाईनात. तिसऱ्या वर्षाचा तास होता, विषय डिझेल इंजिन. सगळं इंजिन मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच काढलं. मागच्या बाकांवरच्या मुलांना काही दिसेना. वर्षभर पुढं न आलेली ती पोरं एकेक करून उठली आणि पुढं येऊन खाली बसली.